मोटारीतली वाकडी गादी

लोकं म्हनत्यात, नाथाजी खोगीरवाला म्हातारपनी खुळा झाला, म्हनून शेटच्या मोटारीची गादी त्येनं वाकडी शिवली. म्हनू देत. लोकांच्या जिभेला काय हाड असतंय व्हय? मी त्येच्या दुकानासमोर चुरमुऱ्याची भट्टी लावून बसनारी बाई. बनुबाई भट्टीवाली म्हनलं की निम्मी सांगली वळकती मला. त्येच्या दुकानात काय चाललंय ते मला हितनं बसल्या जागी दिसायचं, आन् न्हाई दिसलं तर मी उटून बगून यायची. तवा खरं काय झालं ते माज्याकडनं ऐका, आन् मधी मधी बोलू नगासा.

नाथाजीचा बा खोगीर करायचा, आजा बी तेच करायचा. सरदारांची घोडी, फौजदाराचं घोडं, टांग्याचं सामान, समदं त्यांच्या घरातनं शिवून जायाचं. मंग मोटारी आल्या आन् घोडी गेली. नाथाजी टांग्याचे पट्टे शिवत बसला. बायको लौकर गेली, मागं एक पोरगा ठिऊन. त्येचं नाव गुंडा. उच्चापुरा, काटकुळा पोरगा, सदा हसनारा. ल्हानपनी टांग्यातनं पडून उजवी मांडी मोडली व्हती, ती हाडवैद्यानं जरा वाकडीच बसवली. गुंडानं बापाची चामडं टोचायची आरी काय हातात धरली न्हाई. "आबा, घोड्याचं दिवस गेलं, आता मोटारीच्या मागं जायाचं," म्हनायचा. आन् गेला बी. धरणेंद्र शेटकडं डायव्हर म्हनून लागला.

ह्यो धरणेंद्र शेट म्हंजे जैनाचा, हळदीचा मोटा व्यापारी. एका वर्सी हळदीला लय भाव आला, तवा त्येनं पुन्याच्या एका गोऱ्या सायबाकडनं मोटार इकत घेतली. आगं बया, काय ती मोटार! लाल भडक, बुटकी, आन् बसायला मानसं दोनच. सायेब लोक म्हनं असल्या गाडीच्या शर्यती लावत्यात. वरचा टप काडून ठिवायचा आन् वारं खात सुटायचं. शेटला तवा चालवता येत न्हवती. गुंडा चालवायचा आन् शेट शेजारी टोपी धरून बसायचा. हरिपूरच्या रस्त्यानं गाडी निगाली की कोंबड्या, शेरडं आन् म्हातारी मानसं एकदमच बाजूला व्हयाची.

मंग लडाई लागली. डायव्हर लोकांना पलटनीत मान हाय म्हनून गुंडानं नाव घातलं. जायच्या आदी बापानं इट्या गावाकडची सुला सून करून आनली. पोरीच्या अंगाची हळद निगाली न्हाई तवर नवरा बोटीत बसला. त्यो गेला सिंगापुराकडं. सिंगापूर पडलं, आन् सरकारची तार आली, गुंडा बेपत्ता हाय. मेला न्हाई, धरला न्हाई, बेपत्ता. लडाई संपली तवा आपल्या भागातली कैदी झालेली पोरं एक एक करून परत आली. नाथाजी सगळ्यांच्या दारात जाऊन आला. इस्लामपूरचा एक जन म्हनला, "आमाला येगळ्या येगळ्या जहाजात कोंबलं, काका. गुंडा कुटल्या जहाजात गेला, ठावं न्हाई." बस. एवढंच कळलं.

आता सुलाचं बगा. पोरगीच ती. सासऱ्याच्या घरात एकली बाई. सकाळी चूल, पानी, भाकरी, आन् दुपारी दुकानात बसून दोऱ्याला मेन लावायचं. नाथाजी काम करता करता तिच्याशी गुंडाचंच बोलायचा. "सुला, गुंडाला वांग्याची भाजी लय आवडायची, न्हवं?" "व्हय मामंजी." "मोटार धुताना गानं म्हनायचा, न्हवं?" "व्हय मामंजी." रोज हेच. मला भट्टीवर बसून पाट झालं व्हतं सगळं.

एकदा ती माज्याकडं चुरमुरं न्यायला आली आन् तितंच बसली. मला म्हनली, "मावशी, मी लय दमले. हळदीकुंकवाला गेले तर बाया एकमेकीकडं बगत्यात. न्हाई गेले तर म्हनत्यात, हिला नवरा गेल्याचं कळलंय वाटतं. मी जाऊ कुटं?"  मी तिच्या वट्यात फुटानं घातलं. दुसरं काय करनार!

सुलाचा भाऊ कृष्णात चांगला पोरगा. त्येनं पाटनकडचं एक ठिकान आनलं. बायको गेलेला मानूस, शेतीवाडी बरी, घरात माया करनारी आई. आमच्यात बाईचा दुसऱ्यांदा पाट लावत्यात, कुनी नावं ठेवत न्हाई. पन त्येला एक रीत हाय. मानूस बेपत्ता असंल तर त्येच्या बानं दर्भाचा पुतळा करायचा, नदीवर न्हिऊन जाळायचा, दहावं घालायचं. सुनंच्या गळ्यातलं काडायचं. मंगच सून मोकळी. सासऱ्यानं त्ये केलं न्हाई तर कितीबी वरसं जाऊ देत, ती त्येच घरची. म्हंजे समदं नाथाजीच्या एका शब्दावर यिऊन आडलं. त्येनं म्हनायचं, माजा पोरगा गेला. आन् त्यो काय म्हनंना.

कृष्णात बोलायला लागला तवा नाथाजी उसळला. "माज्या पोराला जाळायला आलास व्हय रं?"

"तसं न्हवं मामा. जिता असला तर लय ग्वाड हाय. कवा येनार तेवडं सांगा, आमी थांबतो."

"यील तवा यील."

"आन् न्हाई आला तर? माजी बहीन हितं म्हातारी व्हयाची व्हय?"

नाथाजीनं आरी उचलली आन् खाली मान घालून शिवायला लागला. कृष्णात आला तसा गेला. मला काय ऱ्हावलं न्हाई. मी रस्ता वलांडून गेले आन् म्हनलं, "आवं नाथाजी, तुमी पोराची वाट बगा, जलमभर बगा, कोन न्हाई म्हनतंय? पन त्या पोरीला कशाला दावनीला बांधलीया?"

"तुजी भट्टी बग, बनुबाई. चुरमुरं करपत्यात."

आन् मेलं खरंच करपलं व्हतं. मी शिव्या देत परत आले.

खरं सांगू का? त्येला पोराचं दुख्ख व्हतं, पन त्येच्यापरीस भ्या जास्त व्हतं. ही पोरगी गेली की गुंडाचं नाव काडायला दुसरं मानूस कोन? एकलं मानूस मनातल्या मनात किती दिस जितं ठेवनार कुनाला? दोगांच्यात ते नाव व्हतं तवर त्येला पोरगा कुटंतरी हाय असं वाटायचं. मला कळायचं ते. माजा मालक तापात गेला, तवापास्नं त्येचं नाव माज्यासंगं बोलायला कुनी न्हाई. म्हनून मला राग बी यायचा आन् कीव बी यायची.

अशात धरणेंद्र शेटनं मोटार बाहीर काडली. लडाईत पेट्रोल मिळंना म्हनून हळदीच्या वखारीत झाकून ठिवली व्हती. बाहीर काडली तर काय! उंदरांनी आतलं समदं कुरतडून ठिवलेलं. गाद्यांचं चामडं फाटलेलं, आतल्या स्प्रिंगा डोकं वर काडून बसलेल्या. दारांच्या आतलं अस्तर लोंबत व्हतं, म्होरची लाकडी फळी फुगलेली, टपाचं कापड तर हात लावला की गळून पडायचं. शेट नाथाजीकडं आला. म्हनला, "नाथाजी, आतनं नवी करा. पन एक अट हाय. आता चामडं लावायचं न्हाई. घोड्याचं केस भरायचं न्हाईत. आई म्हनती, मेलेल्या जनावराच्या कातड्यावर आपल्या घरच्यानं बसायचं न्हाई."

नाथाजीचं तोंड बगन्यासारखं झालं. जलमभर चामड्यात हात घातलेला मानूस! मी तितंच व्हते, म्हनलं, "घ्या आता. आमटी करा आन् मीठ घालू नगासा." शेट बी हसला. पन नाथाजीनं काम घेतलं. चामड्याच्या जागी रेक्झिन, केसाच्या जागी काथ्या आन् वर सावरीचा कापूस. मोटार ढकलत दुकानाच्या दारात आनली. त्या दिवसापास्नं म्हातारा येगळाच दिसायला लागला. ताट बसायचा, चाल बदलली. मला वाटलं, लय दिसांनी मनासारखं काम मिळालं, म्हनून आसंल.

पैलं त्येनं समदं उसवून काडलं. फाटकं अस्तर त्येनं टाकलं न्हाई, एक एक तुकडा जमिनीवर मांडून त्येच्यावरनं नवीन बेतला. सुला जुन्या गाद्यांची शिवन उसवत व्हती. आतनं काय निगालं आसंल? हळद! वखारीत ऱ्हाऊन शिवनी-शिवनीत हळद जाऊन बसलेली. पोरीचं हात कोपरापतोर पिवळं झालं, गालाला बी लागली. शेजारच्या बाया पान्याला चालल्या व्हत्या. त्यातली एक हसून म्हनली, "सुले, हळद लागली की गं तुला!"

पोरगी हसली. लय दिसांनी पुरतं हसली. आन् नाथाजी आतनं वरडला, "हात धू आदी! जा, धू म्हनतो न्हवं!" हसू तितंच मेलं. पोरगी गुमान घागरीपाशी गेली आन् राख लावून लावून हात घासत बसली. पन हळद काय लौकर निगते? मी म्हाताऱ्याला त्या दिवशी लय शिव्या घातल्या, आन् त्येच्या तोंडावर घातल्या.

आता हितं नीट ध्यान द्या. खोगीर करायची त्येंची एक रीत हाय. आदी फळीवर चाळलेली राख पसरायची, जरा वलसर करायची, वर फडकं टाकायचं आन् स्वाराला त्येच्यावर बसवायचं. मानूस उटला की खाली ठसा. भार कुटं पडतोय, हाड कुटं टोचतंय, समदं त्यात कळतंय. त्या ठशावरनं भरन भरायचं. मोटारीच्या गादीला असलं काय लागतंय? पन नाथाजीला दुसरी रीत ठावंच न्हाई. त्येनं शेटला बोलवून राखंवर बसवला. येवढा मोटा हळदीचा व्यापारी, पांढऱ्या धोतराला मागनं राख लागलेली, आन् भर रस्त्यात म्हातारा त्येच्याभवती बोटानं मापं घेतोय. मी पदर तोंडात कोंबून हसले.

शेट गेला. त्या ठशावरनं नाथाजीनं एक गादी भरली. पन दुसऱ्या गादीला कुनालाच बोलावलं न्हाई. नुसता डोळं मिटून बसायचा. हातानं काथ्या दाबून बगायचा, थोडा काडायचा, परत भरायचा. एका अंगाला जास्त, एका अंगाला कमी. मी इचारलं, "हिचं माप कुनाचं घेतलंसा?"

"हाय माज्याकडं," म्हनला.

 आसंल म्हनलं.

काम झालं आन् बगायला सगळी आळी जमली. काय गाडी दिसत व्हती! दारांना आतनं तपकिरी अस्तर, कडंनं बारीक गोट, म्होरच्या फळीला तेलपानी करून आरशावानी केलेली, टप नवा. खाली पायाशी काथ्याची चटई, ती सुलानं कडंनं शिवलेली. शेट आला, फिरून फिरून बगितलं, लय खूश झाला. गुंडा गेल्यावर, मोटार वखारीत जायच्या आदी, त्यो सोता चालवायला शिकला व्हता. दार उगडून ष्टेरिंगापुढं बसला.

बसला आन् डावीकडं कलला. सरळ व्हायला गेला, परत कलला. बुटका जाडा मानूस, पाय खाली पोचंनात. कुल्ले दोनी बाजूंनी चेपल्याले. जमल्याली पोरं फिदीफिदी हसायला लागली. शेट उतरला, दुसऱ्या बाजूनं जाऊन शेजारच्या गादीवर बसला. ती त्येला अशी बसली, जशी काय त्येच्यासाटीच केली.

"नाथाजी, ही माजी हाय. पन ही हिकडं कशी?"

"तुमी हिकडंच बसताय की, शेट," नाथाजी म्हनला. "चालवायला गुंडा असतोय."

  शेटनं चष्मा काडला, उपरन्यानं पुसला, परत घातला. मऊ आवाजात म्हनला, "नाथाजी, गाडी आता मीच चालवतो."

"आन् गुंडा आल्यावर?"

शेट गाडीतनं उतरला. "ऱ्हाऊ दे. गाडी हितंच ऱ्हाऊ दे," म्हनला आन् चालत गेला. चांगल्या घरचा मानूस, आवाज चढवला न्हाई. लोकं बी पांगली. मी न्हाई गेले. मी कशाला जाऊ?

सुला दाराआड हुबी व्हती, ती बाहीर आली. गाडीपाशी गेली, वाकून त्या गादीवर हात फिरवला. खोलगट जागा, एका अंगाला आलेला उंचवटा, समदं चाचपून बगितलं.

"ह्ये त्येंचं व्हय, मामंजी?"

"व्हय. मांडी मोडल्यापास्नं असाच कलून बसायचा न्हवं?"

मला वाटलं, आता ही 'व्हय मामंजी' म्हननार. पन तिनं गादीवरचा हात काडला.  मंग म्हनली, "मला ठावं न्हाई."

"आसं कसं ठावं न्हाई?"

"मला न्हाई ठावं, मामंजी. त्ये कसं बसायचं, मला ठावं न्हाई. वांग्याची भाजी आवडायची का न्हाई, ठावं न्हाई. मला त्येंचं तोंड बी आटवत न्हाई. लय जोर लावते, डोळं मिटून पडते. मुंडावळ्या आटवत्यात, टोपी आटवती. तोंड यीतच न्हाई. तुमी रोज इचारता आन् मी रोज व्हय म्हनते. खोटं म्हनते मी. तुमाला वाईट वाटंल म्हनून म्हनते." आन् मंग तिला रडू फुटलं. "ज्येचं तोंड आटवत न्हाई, त्येची वाट कशी बगू सांगा. मी वाट बगायला तयार हाय, पन कुनाची?"

 नाथाजी मोटारीला टेकून हुबा व्हता, त्यो हळूहळू खाली बसला. म्हाताऱ्याला वाटत व्हतं, दोगं मिळून पोराला जितं ठिवतोय. आन् कळलं काय, तर आजवर एकलाच बडबडत व्हता. मला त्येच्यावर वरडायला यीत व्हतं तेवडं समदं मी गिळलं. आता कशाला वरडायचं?

ऊन उतरलं तवा त्यो उटला. चामडं कापायची रापी घेतली. ज्या गोटाला त्येनं बारीक बारीक टाका घातला व्हता, त्यो गोट त्येनंच कापला. रेक्झिन बाजूला सारलं आन् आतला काथ्या, कापूस मूठ मूठ काडून फडक्यावर ठिवला. सुला मदतीला गेली, तर हातानंच नगं म्हनला. सगळी गादी रिकामी झाली तवा बोलला, "सुला, कृष्णाताला सांगावा धाड."

दुसऱ्या दिशी शेटला परत राखंवर बसवलं. ह्या बारीला कुनी हसलं न्हाई. चालवायची गादी शेटच्या मापानं भरली, त्येला नवीन काथ्या आनला. जुन्या काथ्याला त्येनं हात लावू दिला न्हाई. कृष्णात आला, दिवस ठरला, तवा त्येच काथ्याचा आन् कापसाचा त्येनं पुतळा बांधला. उच्चापुरा, काटकुळा. मेन लावलेल्या दोऱ्यानं हात बांधलं, पाय बांधलं, आन् उजवी मांडी जरा वाकडी बांधली. भटजी म्हनलं, "आवं, दर्भाचा लागतोय." नाथाजी म्हनला, "दर्भाला त्येचं माप कुटं ठावं?" भटजींनी ती वाकडी मांडी बगितली आन् म्हनलं, बरं, वरनं दर्भाच्या चार काड्या बांधा. भलं मानूस.

किस्नामायच्या काटाला पुतळा जाळला. सुलाच्या गळ्यातलं मी काडलं, माज्या हातानं. नाथाजीच्या डोळ्याला टिपूस न्हाई. कोरडा. दहावं झालं, जेवनं झाली. आन् कृष्णात बहिनीला घिऊन निगाला. पोरगी सासऱ्याच्या पाया पडली, उटंनाच. त्येनं तिला खांद्याला धरून उटवली. म्हनला, "जा. सुकानं नांद. माजी काळजी करू नगंस, मला काम हाय." खोटारडा! टांग्याचा एक पट्टा सोडला तर दुकानात काय बी काम न्हवतं. शेट आदल्याच दिशी मोटार घिऊन गेला व्हता.

इट्याच्या मोटारीत पोरगी बसली, मी पोचवून आले. मी बी रडले, लपवायचं काय त्यात?

दुसऱ्या दिशी मी भट्टी पेटवली. समोर नाथाजीनं फळ्या काडल्या, बसला, पट्टा मांडीवर घेतला. मला बरं वाटलं, म्हनलं, लागला बाबा मार्गाला. जरा येळानं आतनं हाक आली.

"सुला, पानी आन गं."

माजा झारा हातातच ऱ्हायला. त्येला आटवंल, गप बसंल, म्हनून मी वाट बगितली. परत हाक आली, जरा मोट्यानं. "सुले, आगं पानी!"

मी उटले. तांब्या भरला आन् रस्ता वलांडून गेले. त्येच्या म्होरं धरला. त्येनं वर बगितलं.

"तू कशाला आलीस?"

"हाक मारलीसा न्हवं."

"तुला न्हवती मारली."

"ठावं हाय मला," मी म्हनलं. "प्या."

त्येनं तांब्या घेतला. सगळं पानी पिला, आन् तांब्या मांडीवर धरून ढसाढसा रडला. पुतळा जाळताना न रडलेला मानूस, भर दिवसा, दुकानाच्या फळीवर, येनाऱ्या-जानाऱ्यांच्या देकत.

"घरात कोन न्हाई गं, बनुबाई," म्हनला.

 माज्या बी घरात कोन न्हवतं.